विषाणूला औषध नाही, बाटली मात्र आहे



कर्जत-खालापूरकडचे सांगतो. रायगडातले कर्जत, नगरचे नव्हे. भात निघाला की जिथे पाण्याची सोय आहे तिथे भेंडी लागते आणि मुंबईच्या बाजारात जाते. या भेंडीवर केवडा येतो. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पिवळी जाळी दिसते, मग सगळे पानच पिवळे. फळ पांढुरके आणि राठ. व्यापारी त्याला हात लावत नाही.

तुम्ही म्हणाल, घाटाखालच्या भेंडीशी पराटी-ज्वारीवाल्याचे काय देणेघेणे? भेंडी आणि कापूस एकाच कुळातले. पांढरी माशी दोघांवर तीच. आणि कृषी सेवा केंद्राच्या फळीवरची बाटलीही तीच.

मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद १९२४ साली झाली. शंभर वर्षे उलटली, रोगट झाड फवारून बरे करणारे औषध निघाले नाही. विषाणू बुरशीसारखा पानावर बसत नाही, तो पेशीत शिरतो आणि पेशीच्याच यंत्रणेवर वाढतो. तरीही 'व्हायरसचे औषध' म्हणून टॉनिक विकले जाते. २०२१ साली केंद्राने अशी टॉनिके जैव उत्तेजके म्हणून खत नियंत्रण आदेशात आणली. म्हणजे ती वाढीची. रोग आटोक्यात आणतो म्हणून विकायचे तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. म्हणून तो दावा लेबलवर नसतो, दुकानदाराच्या तोंडी असतो. तो बिलावर लिहून मागा आणि काय होते ते बघा!

बाटलीचा धंदा चालतो तो आपल्याला रोग ओळखता येत नाही यावर. कपाशीवरचा लाल्या हा विषाणू नाही. नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडणे, तुडतुडे, रात्रीची थंडी ही त्याची कारणे. पाने अरुंद होऊन बोटांसारखी लांबली, शेंडा वेडावाकडा झाला, तर आधी शेजारच्या ज्वारीत टू-फोर-डी मारले होते का ते विचारा. त्या तणनाशकाची वाफ किंवा न धुतलेला पंप कपाशीला पुरतो. वाऱ्याच्या बाजूच्या ओळी आधी बिघडतात. लोह कमी पडले तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. केवड्यात नेमके उलटे, शिराच आधी पिवळ्या. आणि विषाणू सुरुवातीला सगळ्या शेतात एकदम येत नाही. इथे एक झाड, तिथे एक, शेजारचे ठणठणीत.

मीही कृषीची पदवी घेतलेली आहे. परीक्षेत 'रोगवाहक किडीचे नियंत्रण करावे' एवढे लिहिले की गुण मिळत. शेतात त्याचा अर्थ आठवड्याला एक फवारणी असा लावला गेला. केवड्याचा विषाणू एकदा पोटात गेलेली पांढरी माशी बहुधा मरेपर्यंत तो वाहते. काकडीवर्गीय मोझॅकचे तर मावा काही सेकंद सोंड खुपसतो तेवढ्यात काम होते, औषधाने तो मरेपर्यंत रोग पुढच्या झाडावर गेलेला असतो. पायरेथ्रॉइड गटातली औषधे पुन्हा पुन्हा मारली की मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलट वाढते. २०१५ साली पंजाबात फवारण्या करूनही या माशीने कपाशी बुडवली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पंप पाठीवर घेण्याआधी तो कशासाठी घेतोय हे कळलेच पाहिजे.

खरा इलाज लागणीआधीचा आहे आणि स्वस्त आहे. भेंडीत पहिल्या महिन्यात रोगट दिसेल ते झाड उपटून गाडा. जीव तुटला तरी उपटा, कारण इतक्या लवकर लागण झालेले झाड काही देणार नाही. जुन्या रोगट प्लॉटच्या बांधाला नवे बी टाकू नका. धुऱ्यावरचे गाजर गवत काढा. २००० साली आंध्रातल्या अनंतपूरमध्ये भुईमूग ज्या विषाणूने जळाला, तो याच गवताच्या परागकणांतून फुलकिड्यांमार्फत आला होता, आणि तो कपाशीवरही येतो. त्यावर सांगितलेला एक उपाय कोणता? शेताभोवती ज्वारीच्या दाट ओळी! हे कुंपण बाजारातून आणावे लागत नाही.

दुसरा इलाज वाणाचा. परभणीच्या विद्यापीठाने केवडा सहन करणारी परभणी क्रांती भेंडी दिली. तुरीच्या वांझ रोगाला बदनापूरच्या बीएसएमआर ७३६ आणि ८५३ या वाणांनी टक्कर दिली. पण वाणाची ताकद कायमची नसते. पुसा सावनी एकेकाळी केवड्याला दाद देत नसे, पुढे तीच बळी पडू लागली. संशोधन थांबले की शेतकरी पुन्हा बाटलीवाल्याच्या दारात.

म्हणून जिल्हा बैठकीत दोन मागण्या ठरावात घाला. तालुक्याच्या गावी पान तपासून विषाणू आहे की नाही हे आठवड्यात लेखी सांगणारी सोय हवी. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे, तिथे भेंडीचे पानही तपासले जावे. आणि 'विषाणू प्रतिकारक' छापलेल्या बियाण्याच्या पाकिटावर कोणत्या विषाणूला, हे नाव छापलेले असावे. तोपर्यंत पाकीट, बिल आणि मूठभर बी जपून ठेवा. तक्रार निवारण समिती तेच आधी मागते.