गळते कोठून?

आमचे दादा, म्हणजे माझे आतेभाऊ, यांनी गोव्याहून दोन आसनांची जुनी स्पोर्ट्‌स मोटार विकत आणली, तेव्हा रामनगरात निम्मे गाव ती पाहायला आले. अशी गाडी आपल्याकडे अपूर्वाईची खरी, पण अगदीच परकी नाही. आपल्या शेजारी गोव्यातच सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची मोटार तयार होत असे. 1998 साली ती बाजारात आली. अंग फायबरचे आणि इंजिन फ्रान्सच्या रेनॉचे, 1149 सी.सी.चे. आता ती निघत नाही. दादांची गाडी मात्र ती नव्हे. मेकचे नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण दोष मेकचा नव्हताच. दोष होता आपल्या सर्वांच्या एका सवयीचा, आणि त्याविषयीच मला लिहावयाचे आहे.

आठच दिवसांत गाडीखाली रुपयाएवढा काळा डाग दिसू लागला. पुसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका मोठ्या गॅरेजात नेली. तेथे खाली वाकून पाहिले न पाहिले आणि निकाल दिला, "इंजिनाचे मागचे ऑइल सील गेले." त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरवला, सील बदलले, बिल झाले अठरा हजार. डाग मात्र होता तेथेच!

आमच्या कॉमर्सच्या वर्गात तेरीज जुळली नाही की फरक सस्पेन्स अकाउंटला टाकून मोकळे होता येते. पण तेथेही सर बजावतात, की चूक सापडेपर्यंत ते खाते बंद होत नाही. गॅरेजवाल्याने फरकाला आपल्या मनाने नाव दिले आणि खाते बंद केले. पुढे एका संध्याकाळी अनमोडच्या घाटात, धुके आणि मागे मालट्रक असताना, क्लचचे पेडल खाली गेले ते वर आलेच नाही. त्या वेळी मी शेजारी बसलो होतो, म्हणून हा लेख जरा तावातावाने लिहिला जात आहे, याबद्दल क्षमा असावी.

गाडी ओढून रामनगरला आणली. मोटारसायकली दुरुस्त करणारा एक हल्याळकडचा मिस्त्री आहे. त्याने प्रथम पान्याला हात लावलाच नाही. इंजिनाची कांडी ओढून तेलाची पातळी पाहिली. ती कमी झालेली नव्हती. मग इतके दिवस गळत होते ते इंजिन ऑइल कसे असेल? गाडीचे पोट रॉकेलने धुऊन कोरडे केले आणि खाली पुठ्ठा पसरून त्यावर चारी चाकांच्या जागा खडूने आखल्या. सकाळी पुठ्ठ्यावर पडलेला थेंब त्याने वाटीभर पाण्यात सोडला. तेल असते तर तवंग तरंगला असता. हा थेंब पाण्यात विरून गेला. ते ब्रेक फ्लुइड होते. पुष्कळ गाड्यांत क्लचही त्याच फ्लुइडवर चालतो, टाकीही एकच असते, आणि त्या टाकीत क्लचच्या नळीचे तोंड वरच्या बाजूस असल्यामुळे आधी क्लच जातो, मागाहून ब्रेक. गळत होता गिअरबॉक्सजवळचा क्लचचा छोटा सिलिंडर. तेथील मळ घेऊन थेंब खाली येई, म्हणून काळा दिसे. गंमत अशी, की गिअरबॉक्स उतरवला तेव्हा हा सिलिंडर त्या गॅरेजवाल्यांच्या हातातच होता!

मिस्त्रीने आणखी पुष्कळ सांगितले. हिरवे किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचे असेल तर ते रेडिएटरचे पाणी; कुत्र्यामांजरांना ते विषारी. लाल असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचे. दाट आणि गंधकासारख्या वासाचे असेल तर गिअर ऑइल. निव्वळ स्वच्छ पाणी ए.सी.चे असते, त्याची काळजी नको. आणि डागाच्या बरोबर वरच भोक असते असे मुळीच समजू नये. स्पोर्ट्‌स गाडीचे पोट जमिनीला लागलेले, त्याला खालून पत्रा. तेल पत्र्यावरून वाहत जाते आणि भलतीकडेच ठिबकते.

वास्तविक आपल्या भाषांना हा भेद ठाऊक आहे. मराठीत पाझरणे निराळे, ठिबकणे निराळे, गळणे निराळे. कन्नडमध्येही जिनुगु, तोट्टिक्कु, सोरु. पण गॅरेजात गेलो की आपण सगळे एका "लीक" शब्दात कोंबतो.

तरी सगळा दोष गॅरेजवाल्याच्या माथी मारणे मला पटत नाही. बिलात दोनच रकाने असतात, सुटे भाग आणि मजुरी. शोधण्याचा रकाना नाही. तासभर खाली पडून नुसते पाहिले आणि पैसे मागितले, तर आपणच भांडू. म्हणून तो भाग बदलतो. भाग बदलल्याशिवाय त्याला मिळणार काय? ऑडिटर मात्र एकही वस्तू न बनवता नुसते तपासण्याची फी घेतो आणि ती आपण मुकाट्याने देतो. मिस्त्रीची तपासणी फी वेगळी ठरवून, आधी लेखी निदान घेऊन मगच कामाला हात लावू दिला, तर दादांचे अठरा हजार वाचले असते. गरीब गिऱ्हाइकाला ही फी जड जाईल, असे आमचे एक प्राध्यापक म्हणाले. मला उलट वाटते. चुकीची दुरुस्ती त्यालाच अधिक जड जाते.

सिलिंडरचे रबर बदलून झाल्यावर दादांनी मिस्त्रीला दोनशे रुपये वर दिले. त्याने ते परत केले आणि हसून म्हणाला, "नोडोदक्के एंथा दुड्डु?" पाहण्याचे कसले पैसे? दादांनी पुष्कळ आग्रह केला, पण त्याने रबराचे आणि मजुरीचे तेवढे घेतले.