मरोळचे क्रूस जागचे हलू देऊ नका

१५०० साली इटलीतल्या पेरुजात भाऊबंदकीत ग्रिफोनेत्तो बाल्योनी मारला गेला. त्याच्या आईने, अतालांताने, राफाएलकडून वेदीचित्र करवून घेतलं आणि १५०७ साली घराण्याच्या चॅपेलमध्ये लावलं. त्यात ख्रिस्ताचा देह वाहून नेताहेत आणि बाजूला मारिया शुद्ध हरपून कोसळते आहे. १६०८ साली एका रात्री ते चित्र गुपचूप रोमला, कार्डिनल बोर्गेझेकडे गेलं. गाव चिडलं, पण हाती आली ती नक्कल. मूळ चित्र आजही रोममध्येच आहे.

आपल्या गावठाणांतल्या क्रूसांमागेही अशीच शोकाकुल घरं आहेत. १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगात माणसं पटापट गेली. मागे राहिलेल्यांनी कुणी नवस म्हणून, कुणी गेलेल्यांच्या नावाने दारात, नाक्यावर क्रूस उभारले. मे महिन्यात तिथे रोझरी होते. असा क्रूस जवळून पाहा: चौथऱ्यावर घराण्याचं नाव, खाली साल आणि त्यावर चंदेरी ऑइलपेंटचे इतके थर, की अक्षरं बोटांनी चाचपावी लागतात.

मरोळकरांना उठून जाणं नवीन नाही. कोंडिविट्याचं १५७९ सालचं सेंट जॉन चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे ओस पडलं. बाप्तिस्म्याची कुंडी, खांब, मूर्ती मरोळच्या नव्या चर्चमध्ये आल्या. जुन्या भिंती आता सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड आहेत. मनात आलं म्हणून तिथे जाता येत नाही. म्हणून मी निक्षून सांगते, ‘क्रूस सुरक्षित जागी हलवू’ असं कुणी गोड बोललं तरी मान डोलावू नका.

वांद्र्याच्या बाजार रोडवरचा १८९५ सालचा क्रूस २०१७ मध्ये पाडला गेला. दगडावर साल असूनही पाडापाडी थांबत नाही. कागदोपत्री पुरावा हाताशी लागतो, आणि तो पाडकामाची नोटीस येण्याआधी लागतो. तुमच्या क्रूसाचे चारही बाजूंनी फोटो काढा. पातळ कागद धरून पेन्सिल घासा आणि अक्षरं उतरवून घ्या. नवा रंग देऊ नका, टाइल्स तर नकोच. सिटी सर्व्हेचा उतारा काढा, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून क्रूस कुणी, कुणासाठी बांधला ते लिहून काढा. एक प्रत चर्चच्या कचेरीत, एक घरी ठेवा. ज्यांचं घर वसईला किंवा परदेशी गेलं, त्यांच्या क्रूसाची नोंद शेजाऱ्यांनी करावी, मग शेजारी कुठल्याही धर्माचा असो. या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात थांबा, गल्ल्या वाटून घेऊ.