पोकळ वासा

जॅक वर गेला. गाडी होती तिथेच राहिली.

क्षणभर वाटलं, जॅकच बिघडला. मग दाराच्या उंबऱ्याखाली भाजलेला पापड मोडावा तसं काहीतरी कुरकुरलं आणि मूठभर तांबडा भुगा माझ्या बाहीवर सांडला. इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका गावात, फेब्रुवारीच्या चिखलात आडवा पडून मी माझ्या 2001 सालच्या माझदा एमएक्स-5 गाडीची अब्रू बघत होतो. वरून गाडी अशी लखलखीत, की बॉनेटमध्ये बघून दाढी करावी. खालून मात्र जिथे जॅक टेकवायचा तिथे पत्राच नव्हता. होता तो काळा लेप, आणि लेपाच्या आत लोखंडाची आठवण.

ज्या सद्गृहस्थाने मला ती विकली तो म्हणाला होता, ‘‘नुकतंच खालून अंडरसील करून घेतलंय. निर्धास्त राहा.’’ त्यातलं ‘निर्धास्त’ मी ऐकलं, ‘नुकतंच’ ऐकलं नाही. विक्रीच्या आदल्या आठवड्यात मारलेलं अंडरसील, म्हणजे तोच काळा लेप, हे संरक्षण नसतं. ते प्रेताला लावलेलं उटणं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ मी चोवीसशे पौंडांना घेतली.

आता त्याच्या नावाने बोटं मोडायला मी मोकळा आहे, पण थोडी बोटं स्वतःसाठीही राखून ठेवतो. इंग्लंडात गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि तिचा इतिहास कुणालाही फुकट बघता येतो. मी तो बघितला होता. सलग तीन वर्षं शेरा होता: उंबरे गंजलेले, लक्ष ठेवा. चौथ्या वर्षी शेरा बदलला: खालचा भाग लेपाने झाकलेला. मी खूश! कार्ट्याने गुणपत्रिकेतल्या नापास विषयावर शाई सांडावी आणि बापाने ‘यंदा एकही लाल रेघ नाही’ म्हणून पाठ थोपटावी, तो बाप मी.

तपासनीसाला दोष देऊ नका. काही सोडवून, उचकटून बघायची त्याला मुभा नसते. त्याने ठोकावं, अंगठ्याने दाबावं आणि दिसेल ते लिहावं. सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक जिथे गाडीला जोडलेले असतात, तिथून 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा सडून कमजोर झाला असेल तर गाडी नापास. नियम चोख आहे, पण नियमाला डोळे लागतात आणि काळा लेप त्या डोळ्यांवरची पट्टी असतो.

कारखान्यालाही शिव्या घालायचं कारण नाही. वीस-बावीस हिवाळे मिठात लोळल्यावर लोखंडाने आणखी काय करावं? चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून मीठ निघायला लागलं ते 1844 मध्ये. बर्फ पडायची नुसती शंका आली तरी असलं खनिज मीठ रस्त्यांवर पसरलं जातं. ते चाकांनी उडतं, पत्र्यांच्या सांध्यात शिरतं, हवेतला ओलावा ओढतं आणि सांधा सुकूच देत नाही. या पिढीच्या एमएक्स-5 मध्ये पुढचे चॅसिस रेल एकावर एक पत्रे चढवलेल्या पेटीसारखे आहेत. पत्र्यांच्या मधे गेलेलं पाणी आतूनच खात सुटतं. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, म्हणून तो पत्रा फुगवून पापुद्रे सोडतो. बाहेर फोड दिसला, म्हणजे आतलं जेवण उरकलेलं असतं.

उंबऱ्यांची कथा तर आणखी लाजिरवाणी. कापडी छपरावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली उतरतं आणि मागच्या चाकांपुढे बाहेर पडतं. त्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी उंबऱ्याच्या पोकळीत मुक्कामाला येतं. लवचिक तार घालून नळ्या मोकळ्या करायला लागतात पंधरा मिनिटं. पण ती पंधरा मिनिटं कुणाला दिसत नाहीत ना! त्यापेक्षा दाराला तिसऱ्यांदा मेण चोळलेलं बरं. रविवारच्या गाड्यांच्या मेळाव्यात चारजण थांबून बघतात. मेळाव्याच्या हिरवळीवर मी बॉनेट उघडून उभे असलेले पुष्कळ धन्य पुरुष पाहिले. गाडीखाली टॉर्च धरणारा एकही नाही. दुसऱ्याच्या गाडीखाली वाकणं तिथे दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याइतकं असभ्य समजतात.

या पंथाचं आराध्यदैवत म्हणजे डेलोरियन गाडी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर आयर्लंडात बनलेली, अंगावर स्टेनलेस स्टीलचा पत्रा ल्यायलेली. ‘ही गंजतच नाही!’ अंग नाही गंजत. पण आतली चॅसिस साध्या पोलादाची, वर इपॉक्सीचा थर. थराला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि तिथेच कोंडतं. कातडी अमर आणि कणा मर्त्य! उलट पोर्शेने 1976 च्या मॉडेलपासून 911 ची बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची केली. न दिसणाऱ्या जागी पैसा घालणं म्हणजे काय, ते यात आहे.

माझ्या गाडीला पहिला वैद्य भेटला तो म्हणाला, ‘‘चारशेत पास करून देतो.’’ म्हणजे सडक्या पत्र्यावर नवा पत्रा, कडेने वेल्डिंग आणि वर पुन्हा काळा लेप. दोन पत्र्यांत पाणी बसायला आणखी एक फट मोफत. वेल्डिंगच्या आचेने आतलं उरलंसुरलं संरक्षण जळून जातं ते वेगळं. दुसऱ्याने गंज काळा करणाऱ्या रसायनाची बाटली दाखवली. वरवरच्या तांबूसपणाला ते ठीक आहे. सांध्यातल्या पोखरणीवर ते ओतणं म्हणजे गळवाला काजळ घालणं.

मी कोकणातला. आमच्या घरी छपराच्या कामाला सुतार आला, की रंगाचा डबा उघडायच्या आधी पटाशीच्या मुठीने प्रत्येक वासा ठोकायचा. खणखणीत वाजला तर राहिला. भद्द वाजला तर काढला, मग तो वरून कितीही गुळगुळीत असो. मुंबईतल्या सोसायट्यांना हे शहाणपण परवडत नाही. आतली सळई गंजून फुगते, काँक्रीटचे पोपडे पडतात आणि सभेत ठराव होतो बाहेरून रंग देण्याचा.

तिसरा वेल्डर त्या सुताराच्या जातकुळीचा निघाला. त्याने आधी सगळा लेप खरवडला, मग ठोकलं, मग खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापत गेला. भोक बघून माझ्या पोटात गोळा आला. ‘‘भोक मी पाडलेलं नाही. मी फक्त दाखवलं,’’ तो म्हणाला. अठराशे पौंड गेले. नवे पत्रे सलग वेल्डिंगने जोडले, पोकळीत मेण फवारलं. तळाला कुठला रंग, असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, फिकट करडा. काळ्यावर काही दिसत नाही. करड्यावर तांबडा ठिपका उठला, तर पुढच्याच धुण्यात सापडतो.

पुढे मुलगी झाली आणि दोन सीटांची गाडी पुरेना. विकायला काढली. खोटं कशाला बोलू, दुकानातला काळ्या लेपाचा डबा मी हातात घेतला होता. दहा पौंड आणि एक दुपार. वेल्डिंगच्या रेघा झाकल्या असत्या आणि दोन-तीनशे जास्त आले असते. डबा परत ठेवला. शूरपणाने नव्हे; बाहीवरचा तो भुगा आठवला.

पहिलं गिऱ्हाईक आलं. भला माणूस, गुडघे टेकून खाली वाकला. मी बिलं दाखवली, कापलेल्या भागाचे फोटो दाखवले. त्याने करड्या तळावरच्या जोडांच्या रेघा पाहिल्या आणि नाक मुरडलं. ‘‘बरंच काम झालेलं दिसतंय,’’ तो म्हणाला, जणू मी त्याला पूर्वीची लग्नं सांगितली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. शेजारच्या गावात तशीच गाडी मिळाली होती, तळ काळाभोर, एक रेघ नाही.

‘‘नुकतंच अंडरसील केलंय,’’ तो आनंदाने म्हणाला.

‘‘जॅक जपून लावा,’’ मी म्हटलं.