गटकार्याची परीक्षा : गुण कोणाचे, काम कोणाचे?

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याची परीक्षा आपण अनेक अंगांनी घेतो. लेखी उत्तरपत्रिका, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, रुग्णपत्रकाचे लेखन, असे सर्व काही होते. परंतु चार जणांबरोबर मिळून काम करण्याची त्याची क्षमता किती, याची पद्धतशीर नोंद क्वचितच होते. चिकित्सालयात आणि फार्मसीत मात्र पहिल्या दिवसापासून याच गुणाची कसोटी लागते. म्हणून हा प्रश्न केवळ महाविद्यालयांवर न सोडता वैद्य व फार्मसीचालक यांनीही विचारात घ्यावा, असे आम्हांस वाटते.

शास्त्राला हा विषय नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. त्यांत वैद्य प्रधान खरा, परंतु एकटा पुरेसा नव्हे. उपस्थात्याच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, आस्था व शुचिता असावी, अशी अपेक्षा आहे. विमानस्थानात संधाय संभाषा व विगृह्य संभाषा यांतील भेदही स्पष्ट केलेला आहे. मतभेद असतानाही सलोख्याने बोलून निर्णयाप्रत येणे ही शिकण्याची गोष्ट आहे. आणि जी शिकवावयाची, ती तपासलीही पाहिजे.

वमनकर्माचे उदाहरण घेऊ. एक विद्यार्थी रुग्णाला धीर देत कपाळ व पाठ सांभाळतो, दुसरा औषधाची मात्रा पाहतो, तिसरा वेग मोजून लिहितो, चौथा नाडी व रक्तदाब तपासतो. अवर, मध्यम व प्रवर शुद्धीचे वेग अनुक्रमे ४, ६ व ८ सांगितले आहेत. वेग कोणता व उपवेग कोणता, याविषयी नोंदी जुळल्या नाहीत, तर शुद्धीचा निर्णय चुकतो आणि त्यावर आधारलेला संसर्जनक्रमही चुकतो. अशा वेळी नाडीत बदल दिसताच चौथ्याने तो मोठ्याने सांगितला का, आणि इतरांनी तो ऐकून घेतला का, हे रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. तोंडी परीक्षेत ते कळत नाही.

यावर सोपा उपाय म्हणून गटाला एकच गुण देण्याची प्रथा आहे. ती आम्हांस मान्य नाही. फ्रेंच कृषि-अभियंता रिंगेलमान यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या दोर ओढण्याच्या प्रयोगांत असे दिसले, की माणसे वाढली तसा प्रत्येकाचा सरासरी जोर घटत गेला. वनौषधी-संग्रहाचे किंवा सर्वेक्षणाचे काम दोघांनी करावे व सहा जणांची नावे लागावीत, हा अनुभव अध्यापकांना नवा नाही. उलटपक्षी, केवळ वैयक्तिक गुण दिले तर सहकाऱ्याला मदत करणे तोट्याचे वाटू लागते. म्हणून गुणांचा एक भाग निष्पन्न कामाला आणि दुसरा प्रत्येकाच्या सहभागाला असावा.

सहभाग तपासताना स्वभावाला गुण देऊ नयेत. प्रत्यक्ष दिसलेल्या कृतीला द्यावेत. वाट्याचे काम वेळेवर झाले का, माहिती पुढच्याला पूर्ण मिळाली का, चूक दिसताच ती सांगितली का, दुसऱ्याचे म्हणणे ऐकले का, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. अध्यापकाचे निरीक्षण, सहाध्यायांचे मत व स्वतःचे मत अशी तिन्ही टिपणे घ्यावीत. भूमिका आलटून पालटून द्याव्यात आणि निदान तीन-चार प्रसंग पाहावेत, कारण एका दिवसाच्या निरीक्षणावरून माणूस कळत नाही.

सहाध्यायांचे मत मैत्रीने किंवा वैराने दूषित होईल, हा आक्षेप खरा आहे. वसतिगृहातील कंपू, जात, भाषा, मुलगा-मुलगी हे भेद गुणांत उतरू शकतात. अबोल विद्यार्थ्यावर अन्याय होऊ शकतो. म्हणून गट अध्यापकाने पाडावेत, मत गोपनीय असावे, आणि प्रत्येक मतापुढे घडलेला प्रसंग लिहिण्याची अट असावी. आरंभीच्या टिपणांवरून गुण न देता विद्यार्थ्याला केवळ सुधारणा सांगावी.

बिडकीन परिसरातील आपल्या सभासदांना याचे महत्त्व अधिक आहे. येथील ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. कारखान्यांबरोबर कामगारांची वस्ती वाढेल, आणि त्यांच्या आरोग्यासाठी एकट्या वैद्याचा दवाखाना पुरणार नाही. फार्मसीतही शेड्यूल टी नुसार कच्च्या द्रव्याच्या तपासणीपासून वेष्टनापर्यंत प्रत्येक टप्प्याची नोंद लागते. एका हाताने लपविलेली चूक संपूर्ण बॅच वाया घालविते, किंवा त्याहून वाईट म्हणजे रुग्णापर्यंत पोहोचते.

साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. या काळात जे विद्यार्थी आपल्या दवाखान्यात बसतात किंवा फार्मसीत अभ्यासभेटीस येतात, त्यांच्याविषयी "वर्तणूक समाधानकारक" एवढाच शेरा देऊन आपण मोकळे होतो. त्याऐवजी वरील चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे एका कागदावर लिहून विद्यार्थ्यास वाचून दाखवावीत व महाविद्यालयाकडे पाठवावीत. यासाठी कोणत्याही नव्या नियमाची वाट पाहावी लागत नाही. सभासदांनी येत्या तिमाहीपासून हा उपक्रम सुरू करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.