‘चूक नाही’चे स्पष्टीकरण

संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेच्या, म्हणजे सीडीएसच्या इंग्रजीचा कोणताही सराव संच घ्यावा आणि ‘स्पॉटिंग एरर्स’च्या उत्तरांचे पान काढावे. उत्तर ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ असेल तर त्यापुढे तीन-चार ओळी असतात. नियम असतो, अपवाद असतो, दुरुस्त केलेले वाक्य असते. उत्तर ‘डी’ असेल तर बहुतेक वेळा दोनच शब्द: नो एरर. लगेच पुढचा प्रश्न.

पुस्तकाने असे दोन शब्दांत उरकलेले वाक्यच खरे तर सर्वांत अवघड. वाक्याचे तीन भाग अधोरेखित केलेले असतात. चूक ‘बी’मध्ये असेल तर ती एकदा दिसली की काम झाले. ‘डी’ निवडणाऱ्याला मात्र तिन्ही भाग तपासून तिन्हींची हमी द्यावी लागते. ही हमी कशाच्या बळावर द्यायची, हे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेलेच नसते.

‘दिस नाइफ इज यूज्ड टू कट व्हेजिटेबल्स’ हे वाक्य पाहा. अगदी साधे आणि पूर्ण बरोबर. पण नियमांची वही पाठ केलेला विद्यार्थी ‘इज यूज्ड टू’ला अडखळतो. त्याला शिकवलेले असते, की ‘इज यूज्ड टू’नंतर क्रियापदाला ‘आयएनजी’ लागते. नियम खोटा नाही. एखाद्याला पहाटे उठण्याची सवय आहे असे म्हणायचे असेल तेव्हा तो लागू पडतो. इथे सवयीचा प्रश्नच नाही. सुरी कापण्यासाठी वापरली जाते, एवढेच सांगायचे आहे. विद्यार्थी ‘कट’चे ‘कटिंग’ हवे असे ठरवतो आणि ‘बी’वर खूण करतो. त्याला नियम येत होता. त्याने वाक्य वाचले नाही.

‘सिन्स’चेही तेच. ‘सिन्स इट वॉज रेनिंग, वी स्टेड अ‍ॅट होम.’ ‘सिन्स’ दिसला की ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ शोधायचे, हे बोटांत भिनलेले. पाऊस होता म्हणून घरी थांबलो, हा अर्थ तिथवर पोहोचतच नाही.

आता उत्तरांच्या पानावर या दोन वाक्यांपुढे काय असेल? नो एरर. जो चुकला त्याला आपण चुकलो एवढे कळेल. का चुकलो, ते कळणार नाही. चुकीच्या वाक्यांचे नियम घोटून घ्यायचे आणि बरोबर वाक्य बरोबर का आहे हे सांगायचेच नाही, याला सराव म्हणणे अवघड आहे.

याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे. ज्याच्या घरात इंग्रजी बोलले जाते, इंग्रजी वर्तमानपत्र येते, तो ‘कानाला बरोबर वाटते’ म्हणून ‘डी’ लिहितो आणि बहुधा बरोबर ठरतो. त्याला स्पष्टीकरणाची फार गरज नसते. मराठी माध्यमातून आलेली, जिल्ह्याच्या गावी अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसणारी मुलगी या कानावर विसंबू शकत नाही. तिच्या भोवती ते इंग्रजी नाहीच. तिच्याजवळ फक्त पुस्तक आहे. आणि जिथे तिला आधार हवा, नेमके तिथेच पुस्तक गप्प बसते. तिची मेहनत कमी पडत नाही. तिने पैसे देऊन घेतलेली वस्तू अपुरी आहे.

क्लासमध्ये ही उणीव एका सल्ल्याने झाकली जाते: काही सापडले नाही तर ‘डी’ करून पुढे जा. सीडीएसच्या इंग्रजीला दोन तासांत १२० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वाटा कापला जातो. तिथे ‘मला सापडले नाही’ आणि ‘चूक नाही’ या दोन गोष्टी एकच आहेत असे विद्यार्थ्याला शिकवले जाते. पहिले अज्ञान आहे, दुसरा निर्णय आहे. परीक्षक दुसरे विचारतो आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या काही प्रश्नांत तर ‘नो एरर’ हा पर्यायच नसतो. चार तुकड्यांपैकी एक चुकीचा असणार हे आधीच ठाऊक असते. अशा प्रश्नांवरच हात बसलेला उमेदवार पुढे प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहणार, यात नवल नाही.

केंब्रिजच्या अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेत पूर्वी चुका दुरुस्त करण्याचा एक भाग होता. सुटी वाक्ये नव्हेत, सलग उतारा असे. बहुतेक ओळींत चूक पेरलेली आणि काही ओळी मुद्दाम निर्दोष. निर्दोष ओळीपुढे उमेदवाराने स्वतः बरोबरची खूण करायची. डिसेंबर २००८च्या बदलात तो भाग गेला. पण त्यातली एक गोष्ट घेण्याजोगी होती: बरोबर ओळीलाही संदर्भ होता. मागची-पुढची ओळ वाचल्याशिवाय ती बरोबर आहे असे म्हणता येत नसे.

नोकरीतही हेच लागते. उद्या हाच उमेदवार मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी म्हणून बसेल, नाहीतर लष्करात अधिकारी होईल. त्याच्यापुढे मसुदा येईल. त्यातली बहुतेक वाक्ये ठीकच असतील. ती जशीच्या तशी ठेवायची आणि बिघडलेले एखादेच नेमके पकडायचे, हे त्याचे काम. ‘यूज्ड टू कट’चे ‘यूज्ड टू कटिंग’ करून मसुदा पुढे पाठवणारा अधिकारी चूक दुरुस्त करत नाही, चूक घालतो.

उपाय खर्चाचा नाही. शिक्षकाने तासातली दहा मिनिटे फक्त ‘डी’ वाक्यांना द्यावीत. फळ्यावर बरोबर वाक्य लिहावे आणि त्यातला प्रत्येक भाग का टिकतो हे मुलांकडून वदवून घ्यावे. मग त्यातला एकच शब्द मुलांनी बदलावा, वाक्य बिघडवून दाखवावे आणि नेमके काय बिघडले ते सांगावे. ज्याला शिकवणीच नाही त्याने इंग्रजी अग्रलेखातला एक परिच्छेद घेऊन हेच करावे. तिथली वाक्ये सहसा निर्दोष असतात आणि संदर्भासह असतात.

प्रकाशक म्हणतील, पाने वाढतील. वाढणार नाहीत. ‘ईच ऑफ द बॉइज’पुढे क्रियापद एकवचनी येते, हा एकच नियम एका पुस्तकात पुन्हा पुन्हा सविस्तर छापला जातो. तो एकदा नीट छापावा, नंतर त्याचा फक्त क्रमांक द्यावा. मोकळ्या होणाऱ्या ओळी प्रत्येक ‘डी’खाली द्याव्यात.