स्कॅनर आला, विद्या कधी येणार?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. कार्बोरेटर गेला, दुचाकीतही इंजेक्शन आणि सेन्सर आले. गारगोटीच्या गॅरेजांत पाना-स्क्रूड्रायव्हरवर पोट भरणाऱ्या पोरांची विद्या अपुरी पडली. त्यांत आपल्या वस्त्यांतली पोरेही आहेत.

स्कॅनर विकणारे सांगतात, यंत्र घ्या, बिघाड आपोआप कळेल. हे साफ खोटे आहे! स्कॅनर फक्त कोड दाखवतो. पी-०३३५ आला, तर क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढेच कळते. सेन्सर गेला, वायर तुटली की पावसाने कनेक्टर गंजला, हे मल्टिमीटर लावून माणसालाच शोधावे लागते. बंद गाडीची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असता साधारण १४. एवढेही न बघता सेन्सर बदलला, तर भुर्दंड गिऱ्हाइकाला आणि शिव्या पोराला.

शिकवायचे कुणी? जे. पी. नाईकांनी ग्रामीण शिक्षणासाठी मौनी विद्यापीठ उभारले ते याच गावात. आणि बाबासाहेबांनी १९४२ सालीच व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांसाठी तांत्रिक शिक्षण मागितले होते. सरकारी छापखाने व रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारी मागितली होती. आजची मागणी त्याहून लहान आहे. दहावी न झालेल्या, दिवसभर राबणाऱ्या पोरांसाठी आयटीआयने संध्याकाळचा वर्ग काढावा, वायरिंगचा नकाशा मराठीतून शिकवावा. गॅरेजमालकांनीही पोराच्या हाती फडके देतात, तसा मीटर द्यावा.