मूळ पोथी जपावी

आमच्या वडील भगिनींचें आकाशवाणीवरील भाषण पुतण्यानें संगणकावर जतन केलें होतें. यंदां श्राद्धदिनीं कुंडलिकेकांठच्या अष्टमीच्या घरीं सर्व मंडळी तें ऐकावयास बसली. शब्द कळले, परंतु कंठ अक्कांचा वाटेना! चौकशीअंतीं समजलें कीं, त्यानें जाहिराती कापून फाईल पुन्हां एमपीथ्री केली, पुढें मोबाईलसाठीं आणखी लहान केली आणि मूळ प्रत पुसून टाकली.

एमपीथ्री करतांना कानास सहसा न जाणवणारे सूक्ष्म ध्वनि वगळले जातात. तीवरून पुन्हां तशीच प्रत केल्यास, पोथीवरून पोथी उतरतांना लेखकप्रमाद वाढावे, तशी हानि वाढते; आणि वगळलेलें परत मिळत नाहीं.

म्हणून मूळ फाईलीस हात न लावतां नकलेवरच काम करावें. केवळ कापावयाचें असल्यास ‘लॉसलेसकट’ हें मोफत साधन फाईल पुन्हां न आवळतां कापतें. दूरचित्रवाणीच्या मुद्रणांत मात्र छेद किंचित् मागेंपुढें पडतो; तेवढें सोसावें.

सुदैवानें मूळ भाषण धाकट्या सूनबाईंच्या जुन्या पेनड्राइव्हवर सांपडलें. त्याची एक प्रत आतां अष्टमीस व दुसरी पुण्यास ठेविली आहे. वाचकांनींहि आजच तसें करावें, ही विनंति.